वाडा म्हणजे वाडा

मी अर्ज लिहून देतो. नगरपंचायतीच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे. त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याचं शाईचं पॅड, आणि वर निळी ताडपत्री. माझा बाप हाच धंदा करायचा. निजामाच्या राज्यात तो उर्दूत अर्ज लिहायचा आणि लोक त्याला अर्जनवीस म्हणायचे. मला नुसतंच आप्पा म्हणतात, नाव रेवणसिद्ध. नगरपंचायत कुठली ते सांगत नाही, कारण उद्या सकाळी दहा वाजता मला तिथंच बसायचंय. परभणी जिल्ह्यातली आहे, एवढं पुरे झालं.

बापानं मला एकच गोष्ट शिकवली. माणूस जे बोलतो ते तसंच उतरवायचं नाही. त्याला काय पाहिजे ते आधी विचारायचं आणि मग लिहायचं. छत्तीस वर्षं मी हे पाळलं. एकदा नाही पाळलं, आणि ते नेमकं कासाबाईच्या वेळी. त्याचा संताप अजून जात नाही. सकाळी तो नगरपंचायतीवर असतो, दुपारपर्यंत माझ्यावर येतो.

कासाबाई म्हणजे मल्हारी धनगराची बायको. वय विचारलं तर म्हणते, "बाहात्तरच्या दुस्काळात मी आईसंगं खडी फोडायला जात व्हते, तुमीच काढा." अंगानं काटकुळी, पण आवाज असा की माळाच्या ह्या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाची मेंढी मान वर करते. माझ्या टेबलाशी आली की खुर्चीवर बसत नाही. खाली उकिडवी बसते आणि वर बघत बोलते. मी कितीदा म्हणलं, मावशी, खुर्ची तुमच्यासाठीच ठेवलीय. तर म्हणते, "खुर्चीत बसलं की मला बोलायचं सुदरत न्हाई." अक्षराची ओळख नाही. पण नव्वद मेंढ्यांतली एक जरी मागं राहिली तर न मोजता सांगते, "काळ्या कानाची दिसंना." आणि खरंच काळ्या कानाचीच नसते. आमच्या नगरपंचायतीत फाईल हरवली तर कुठली हरवली हे कळायलाच महिना जातो, म्हणून मला ह्या गोष्टीचं लय कौतुक.

लग्न होऊन ती आली ती वाड्यावरच. आता इथं नीट ऐका, कारण सगळा घोटाळा ह्या एका शब्दाचा आहे. धनगराचा वाडा म्हणजे चौक, माडी असलेलं घर नव्हे. मेंढ्या मुक्कामाला बसतात ती जागा म्हणजे वाडा. भोवती वाघूर लावायची, म्हणजे सुताचं जाळं. एका अंगाला कोकरं, तीन दगडांची चूल, सामानाचं घोडं, कुत्रं. सकाळी जाळं गुंडाळून घोड्यावर टाकलं की वाडा उठला. दिवाळीनंतर वालूरच्या बाजूचे शेतकरी लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात. तेव्हा वाडा आज ह्याच्या रानात, परवा त्याच्या. दोन धनगर रस्त्यात भेटले की घरदार विचारत नाहीत. "वाडा कुठं पडलाय?" असं विचारतात. वाडा पडला म्हणजे मुक्काम पडला. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं.

चैत्र लागला की पाण्याची मारामार, मग वाडा गावाकडं वळायचा. गावाच्या वरच्या अंगाला गायरान, खालच्या अंगाला पाझर तलाव, आणि मधे बन्सीधर शेठचं बारा एकर रान. त्या रानातून पांद गेलीय, म्हणजे दोन्हीकडून बांध असलेली जुनी गाडीवाट. पांदीच्या मध्यावर जरा ऐसपैस जागा आहे. मल्हारीच्या बापापासून उन्हाळ्यातला वाडा तिथंच पडायचा. भंडारा लावलेला बिरोबाचा दगडही तिथंच. मेंढ्या सकाळी माळावर, दुपारी तलावावर, दिवस मावळला की पांदीत. आठ वर्षांमागं मल्हारी काविळीनं गेला. सगळे म्हणले, आता विकून टाका. मुलगा सुरज चाकणला कंपनीत आहे, तोही फोनवर हेच म्हणला. तिनं ऐकलं नाही. सून शालूला सोबत घेऊन नव्वदच्या नव्वद सांभाळल्या. "पांद हाय, पानी हाय, मग काय झालंय मला?" असं मला म्हणली होती.

चोवीस सालच्या वैशाखात ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. म्हणली, "आप्पा, पांदीत चुन्याच्या रेघा मारायलेत. इचारलं तर म्हणायलेत, प्लॉट पडणार."

मी आत जाऊन बोर्ड बघितला. नोटीस लागून नऊ दिवस झाले होते. मथळा असा: विकास योजनेत किरकोळ फेरबदल. शेठचं बारा एकर शेती विभागातून काढून रहिवास विभागात घालायचं, आणि कुणाला हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवायचं. बारा एकर उलथंपालथं करणार आणि म्हणे किरकोळ. बाजूला नकाशा होता. वसाहतीचं नाव त्रिवेणी पार्क. त्रिवेणी हे शेठच्या सुनेचं नाव, नाहीतर तीन सोडा, आमच्या गावाला एकही नदी नाही. पांद नकाशात होती, पण तिचं नाव आता अंतर्गत रस्ता. वाड्याच्या जागी हिरवा रंग आणि त्यात बाग असं लिहिलेलं. आणि तलावाच्या बाजूनं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फुटी भिंत. म्हणजे रस्ता सरळ जाऊन भिंतीला टेकणार.

मी तिला सगळं समजावून सांगितलं आणि बापाच्या नियमानं विचारलं, "मावशी, तुमाला काय पाहिजे?"

तिनं जास्त विचार केला नाही. "भितीत एक वाट ठेवा म्हणावं. दोन मेंढरं बरुबरीनं जातील एवढी. बाकी बांधा म्हणावं काय बांधायचं ते, आमी काय म्हणत न्हाई."

एवढंच. सहा फुटी भिंतीत एक वाट. मी अर्ज असा लिहिला की कुणी नाव ठेवू नये. वहिवाट किती वर्षांची, तलाव कुणाचा, गायरान कुणाचं, सगळं ओळीनं मांडलं आणि शेवटी एकच मागणी केली, चार फुटांची वाट. पोच घेतली, शिक्का मारून घेतला. वाटलं, ह्यात नाही म्हणण्यासारखं आहेच काय.

सुनावणी जुलैत लागली. तेव्हा बायकांच्या नव्या योजनेचे फॉर्म सुरू झाले होते आणि माझ्या टेबलापुढं सकाळी आठपासून रांग. कासाबाईनं सांगितलं, "आप्पा, तुमी आत चला. मला त्यांचं बोलणं कळत न्हाई." मी रांगेला म्हणलं, दहा मिनिटांत आलो.

आत मुख्याधिकारी साहेब, बन्सीधर शेठ आणि नगररचनेच्या ऋतुजा मॅडम. हरकती सात आल्या होत्या. सहा जण आलेच नाहीत, ते का आले नाहीत ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, मी कशाला सांगू. उरली ही एकटी. साहेबांनी नकाशा तिच्याकडं फिरवला आणि म्हणले, "आजी, रस्ता कुठं बंद होतोय? उलट डांबरी होणार."

ती म्हणली, "डांबर मेंढी पीत न्हाई, साहेब."

साहेब हसले. माणूस वाईट नाही, पण त्याला चार वाजता जिल्ह्याला मीटिंग होती आणि नजर घड्याळावर. म्हणले, "मॅडम, यांचा जबाब घ्या आणि जागा बघून या. अहवालात टाकू." आणि उठून गेले.

ऋतुजा मॅडम कोकणातल्या. आमच्याकडं येऊन तीन महिने झाले होते. मन लावून काम करणारी मुलगी, हे मला आजही कबूल आहे. कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "आजी, त्या जागेवर तुमचं नेमकं काय आहे?"

"आमचा वाडा पडतो की तिथं. दरसाल."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काका, वाडा म्हणजे?"

आता बघा, हीच ती घडी. बाहेर रांगेत आवाज वाढला होता, कुणीतरी माझ्या प्रिंटरला हात लावत होतं ते खिडकीतून दिसत होतं, आणि दहाची वीस मिनिटं झाली होती. माझं डोकं फिरलं. वाटलं, सरकारी पगार घेता आणि साधी मराठी कळत नाही.

"वाडा म्हणजे वाडा, मॅडम. त्यात काय विचारायचं? लिहा की."

त्यांनी लिहिलं. मग वाचून दाखवलं, "सदर ठिकाणी माझा वाडा दरसाल पडतो." आमच्या कानाला ते अगदी बरोबर लागलं. कासाबाईनं मान डोलावली आणि अंगठा दिला.

शेठ तिथंच चहा पीत बसले होते. ह्या शेठचा आजा त्याच बारा एकरात मल्हारीच्या बापाच्या मेंढ्या बसवून घ्यायचा. वाडा म्हणजे काय हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनी मला विचारलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, आणि परत उचलला. मी ते बघितलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

निकाल दिवाळीच्या तोंडावर आला. कासाबाई कागद घेऊन आली आणि खाली बसली. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला माझी जीभ अडकली. लिहिलं होतं ते असं: अर्जदाराच्या जबाबावरून व स्थळपाहणीत आढळलेल्या दगडांच्या अवशेषांवरून सदर जागेवर अर्जदाराचा पडका वाडा असल्याचे दिसून येते. सबब सदर क्षेत्राचा वापर पूर्वापार रहिवासी असल्याने ते रहिवास विभागात समाविष्ट करण्यास पुष्टी मिळते. हरकत निकाली.

दगडांचे अवशेष म्हणजे तिच्या चुलीचे तीन दगड आणि बिरोबा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बारा एकरावर प्लॉट पाडायला पुरावा काय, तर कासाबाईचा जबाब. जी बाई विरोध करायला गेली तिच्याच अंगठ्यावर त्यांनी मंजुरी काढली. मी तिला समजावून सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. मग म्हणली, "पडका? आमचा वाडा धड व्हता की."

मी कागद घेऊन सरळ मॅडमपुढं गेलो. त्यांना वाड्याचा खरा अर्थ सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. म्हणल्या, "काका, मला वाटलं, जुना वाडा आहे आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा पडतोय. मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच बोलल्या, आवाजही चढवला नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी प्रामाणिकपणे टिपणी लिहिली की शब्दाच्या अर्थात चूक झाली आहे, दुरुस्ती व्हावी. साहेबांनी ती वाचली आणि मला आत बोलावलं. "आप्पा, चूक कळतेय मला. पण जबाब वाचून दाखवलाय, खाली अंगठा आहे, साक्षीदार म्हणून तुमची सही आहे. अहवाल वर गेला. आता अर्थ बदलायचा तर नवा जबाब, नवी पाहणी, नवी सभा आणि नवी नोटीस."

"मग करा की नवी नोटीस."

"कशाच्या आधारावर? फाईल तर निकाली निघाली."

असं हे गोल गोल. मी दुरुस्तीचा अर्ज दिला, उत्तर आलं, आपला अर्ज अभिप्रायासाठी पाठवला आहे. कुणाकडं पाठवला म्हणून विचारलं तर मॅडमकडंच, आणि मॅडमची तोवर बदली झालेली. माहितीच्या अधिकारात नकला मागितल्या. आल्या त्या दुसऱ्याच गटाच्या. परत मागितल्या. दर वेळी कासाबाईला निरोप धाडायचो, ती यायची, खाली बसायची, अंगठा द्यायची आणि जायची. मी तिला पुढचं कलम समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

पंचवीस सालच्या फेब्रुवारीत शेठ स्वतः माझ्या टेबलाशी आले. मऊ आवाजात म्हणले, "आप्पा, कागदावर म्हातारीचा वाडा हाय ना? ऱ्हाऊ द्या. वाड्याच्या बदल्यात कोपऱ्यातला एक गुंठा तिच्या नावानं करून देतो. कशाला नाहक कागद वाढवायलात."

खरं सांगतो, मला ते पटलं. बेजार झालो होतो मी. वाटलं, ह्या सगळ्यातून म्हातारीला निदान एक गुंठा तरी मिळतोय. मी स्कूटर काढून तिच्याकडं गेलो आणि वकिलासारखं पटवायला लागलो.

तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "एक गुंठा म्हंजे केवढा?"

मी पावलं टाकून दाखवला.

"उभी केली तरी मावायची न्हाईत मेंढरं."

"मेंढ्यांना नाही मावशी, तुमाला. घर बांधा."

"मला घर न्हाई आसं मी कधी म्हणलं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "शेठला एक गुंठा द्यायला येतो तर भितीत वाट द्यायला काय व्हतंय? वाट तर त्याच्यापेक्षा बारकी हाय."

मी शेठला नको म्हणून कळवलं. पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे एक फटसुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यात मेंढ्यांना तलावावर न्यायला चार किलोमीटरचा वळसा पडायला लागला, तोही हायवेच्या कडेकडेनं, हे मला ठाऊक होतं. एकदा बसमधून मी बघितलंही तिला. हातात काठी, पुढं मेंढ्या, मागं ट्रकचे हॉर्न. मी मनात म्हणलं, थांबा मावशी, अपील तयार करायलोय. आणि खरंच करत होतो. माझी फाईल जाड झाली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती उघडून दाखवायचो.

जून संपता संपता कासाबाईच्या नावानं नवी नोटीस आली. ही वाचून मी आधी हसलो आणि मग मला हसल्याची लाज वाटली. आपल्या मालकीचा पडका वाडा नियोजित बागेत येत असून धोकादायक स्थितीत आहे, तो सात दिवसांत उतरवून घ्यावा, अन्यथा नगरपंचायत पाडून टाकील. भिंतीत वाट मागितली तर ह्यांना वर्षभर सवड झाली नाही. नसलेला वाडा पाडायला मात्र आठव्या दिवशी सकाळी जेसीबी हजर.

मी मुद्दाम बघायला गेलो. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला, पांदीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत येऊन कारकुनाला म्हणला, "साहेब, कुठाय वाडा?" कारकून नवा होता, मॅडमच्या जागी आलेला. त्यानं नकाशा बघितला, जागा बघितली, परत नकाशा बघितला. तीन दगड होते, ते ड्रायव्हरनं बाजूला केले. चौथ्याला भंडारा दिसला तेव्हा तो थांबला, पायातले बूट काढले, दगड दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी नेऊन ठेवला आणि नमस्कार केला. मग कारकुनानं पंचनामा लिहिला: प्रत्यक्ष जागेवर वाडा आढळून आला नाही.

तो कागद बघून मला नाचावंसं वाटलं. एका कागदावर वाडा आहे म्हणून प्लॉट मंजूर, दुसऱ्या कागदावर वाडाच नाही. दोन्हीवर शिक्का एकाच नगरपंचायतीचा. आता सुटतात कुठं? मी त्याच दुपारी अपील लिहून काढलं. आतापर्यंत लिहिलेल्या अर्जांत ते सगळ्यात भारी असं मला वाटलं. सगळा भार एका वाक्यावर ठेवला होता: सदर ठिकाणी अर्जदाराचा वाडा कधीही अस्तित्वात नव्हता.

प्रिंट काढली, शाईचं पॅड घेतलं आणि कासाबाईच्या घरी गेलो. गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे तिची. दारात शालू बॅग भरत होती, सुरजनं तिला चाकणला बोलावलं होतं. मी कासाबाईपुढं सतरंजीवर बसलो आणि आनंदानं सगळं सांगितलं. दोन कागद कसे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आता कशी त्यांची गचांडी धरतो. तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली.

"वाचा एकदा," म्हणली.

मी वाचलं. त्या वाक्याला तिनं हात मागं घेतला.

"परत वाचा."

"सदर ठिकाणी अर्जदाराचा वाडा कधीही अस्तित्वात नव्हता."

"कधीच नव्हता?"

"मावशी, कायद्याची भाषा असते तशी."

"लगीन होऊन मी कुठं आले, आप्पा?"

"वाड्यावर."

"सुरज कुठं झाला?"

मला ते माहीत होतं. सुरज पांदीत झाला, वाड्यावर, भर वैशाखात. मल्हारीच म्हणायचा ते, माझ्या टेबलाशी बसून.

"मग कधीच नव्हता आसं माझ्या अंगठ्यानं लिवायलात?" आवाज चढला नव्हता तिचा. "त्यांनी पडका म्हणलं त्ये सोसलं. ती मानसं बाहीरची. तुमी तर पानी प्यालात की वाड्यावर."

मी घाईघाईनं म्हणलं, बदलतो, लगेच बदलतो. इमारत नव्हती असं लिहू. मेंढ्यांचा वाडा होता असं लिहू, आणि परत तीच मागणी करू, भिंतीत चार फूट वाट.

"वाट कुणासाठी?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्या घराकडं नीट बघितलं. वाघूर गुंडाळून कोपऱ्यात बाजेवर टाकलेली. दाराबाहेर खुंट्याला तीन मेंढ्या बांधलेल्या. माळाकडून काहीच आवाज नाही.

चैत्रात वीस विकल्या, वैशाखात चाळीस. वळशाच्या वाटेनं कोकरं थकून बसायची, त्यातली दोन हायवेवर ट्रकखाली आली, शालू म्हणली, मला भ्याव वाटायलंय. उरलेल्या तिसातली सत्तावीस आखाडाच्या तोंडावर बाजारात गेली. ह्या सगळ्या महिन्यांत ती चार वेळा माझ्या टेबलाशी येऊन बसली होती, अंगठा द्यायला. चारही वेळा मी तिला कलमं सांगितली.

"मला सांगितलं का नाही, मावशी?"

"तुमी इचारलं न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तीन आहेत की अजून."

"तीन मेंढरांला वाडा म्हणत न्हाईत, आप्पा." ती अंगठ्याची शाई पदराला पुसत होती. "त्या नव्या साहेबानं काय लिवलंय म्हणला? जागेवर वाडा न्हाई?"

"हो."

"बरुबर लिवलंय की त्यानं. एवढ्या कागदात त्येवढं एकच बरुबर." मग म्हणली, "आता माझं लिवा. वाडा व्हता म्हणून लिवा. मल्हारीच्या बापापासनं व्हता, पांदीत व्हता, नव्वद मेंढरांचा व्हता."

मी पेन काढलं. ह्या खेपेला विसरलो नाही. "आणि काय पाहिजे म्हणून लिहू, मावशी?"

"काय न्हाई पायजे. व्हता, एवढंच लिवा."

लिहिलं मी. दुसऱ्या दिवशी टाइप करून, वाचून दाखवून, तिचा अंगठाही घेतला. छत्तीस वर्षांत मागणी नसलेला असा हा पहिलाच अर्ज. वर 'प्रति' असं लिहून पुढं जागा सोडलीय. तो कुणाला द्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.